नावं अनेक, घेतलं एकही नाही

बडनेऱ्याला वाट पाहण्याची सवय लहानपणीच लागते. ब्रिटिशांनी मुंबई-नागपूर लोहमार्ग टाकला तेव्हा वऱ्हाडचा कापूस त्यांच्या डोळ्यांपुढं होता, पण मुख्य लाइन अमरावतीला बगल देऊन बडनेऱ्यावरून गेली. अमरावतीला मिळाला नऊ-दहा किलोमीटरचा फाटा. त्यामुळं कुणाला आणायचं, कुणाला पोचवायचं, म्हणजे बडनेरा. गाडी उशिरा, म्हणजे स्टेशनबाहेरची चहाची टपरी.

अशाच एका टपरीवर, आश्विनात, परतीचा पाऊस नुकताच पडून गेलेला असताना, भगव्या टोप्या घातलेली आठ-दहा माणसं उतरली होती. अकोल्याकडची. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला निघालेली, पुढच्या गाडीची सोय लागेपर्यंत थांबलेली. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी पिशवीतून खंजिरी काढली आणि चहावाल्याच्या शेगडीवर, हातभर उंचीवर, गोल फिरवत धरली. पापड भाजावा तशी.

"काहून शेकता जी?" मी विचारलं.

"वलावली ना पान्यानं. कातडं ढिलं पडलं का आवाज बसते तिचा."

लाकडाचं कडं, एका तोंडाला मढवलेलं कातडं, कडेच्या खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या. बाबा मधूनच बोटानं टिचकी मारून पाहत होते. आधी नुसतं 'धप', मग थोडं सुटं, मग एकदम टणत्कार. त्यांनी मान हलवली आणि तिथंच, उभ्या-उभ्या, हलक्या आवाजात सुरू केलं: 'हर देश में तू'. कपबश्या विसळणारा बारा-तेरा वर्षांचा पोरगा दुसऱ्या ओळीला आपसूक मिसळला. शाळेत म्हणतात, म्हणाला. कुणाचं आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. मीही ते शाळेतच पाठ केलेलं, आणि पाठ केलेल्या गोष्टीकडं माणूस सहसा पाहत नाही. त्या दिवशी पाहिलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं हे हिंदी भजन चार छोट्या कडव्यांचं आहे. धृपद म्हणतं, तुझी नावं पुष्कळ आहेत. आणि मग सबंध भजनभर एकही नाव घेत नाही. राम नाही, विठ्ठल नाही, अल्ला नाही, कुठल्या देशाचं, धर्माचं, नदीचं, डोंगराचं नाव नाही. सर्वधर्मसमभावाची आपल्याकडची गाणी आठवून पाहा. बहुतेकांत नावांची माळ असते, हाही तो, तोही तो. माळ ओवली की कुणीतरी सुटतं, आणि सुटलेला रुसतो. इथं माळच ओवलेली नाही. नावं अनेक आहेत एवढं सांगून कवी गप्प बसतो, आणि गाणाऱ्यानं आपापलं नाव मनात भरून घ्यायचं.

ही गोष्ट सहज घडली असं मानायला मी तयार नाही, कारण तुकडोजींना नावं घेता येत होती. 1909 साली अमरावतीजवळच्या यावलीत जन्मलेला हा माणूस, मूळचा माणिक बंडोजी इंगळे, शाळेत फार रमला नाही. खंजिरी वाजवत गावोगाव हिंडला. 1942च्या ऑगस्टात चिमूर आणि आष्टी पेटलं त्यामागं याच खंजिरीची भजनं आहेत असं इंग्रज सरकारला वाटलं आणि महाराजांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. देशाचं नाव घेऊन माणसं उठवणं त्यांना चांगलं जमत होतं. 'हर देश' म्हणताना मात्र त्यांनी आपल्या देशाचंही नाव गाळलं.

आता चालीकडं या, कारण भजनाचा निम्मा अर्थ तिथं आहे. ओळ गुणगुणत बोटं मोजा. दोन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. असं चार वेळा. 'में' ऱ्हस्व म्हणायचा, 'तेरे' पटकन उरकायचं, जसं कुठल्याही भजनात होतं, आणि मग लक्षात येतं की हे आपलं शाळेतलं तोटक आहे: ललगा ललगा ललगा ललगा. पुढच्या कडव्यांत गाणारा ओढाताण करून घेतो, पण धृपद जवळजवळ चोख बसतं. महाराज गण मांडून लिहीत बसले असतील असं मला वाटत नाही. खंजिरीचा हातच असा पडतो: दोन हलक्या टिचक्या, एक भरीव थाप. तोटक म्हटलं की जाणत्याला तोटकाष्टक आठवतं, शंकराचार्यांच्या तोटक नावाच्या शिष्यानं गुरूची केलेली स्तुती. पंडिताच्या परंपरेत गुरुस्तुतीला जी चाल मिळाली, तीच यावलीच्या खंजिरीवर यावी आणि तेही भजन शेवटच्या कडव्यात गुरूपाशीच पोचावं, हा योगायोग मला फार आवडतो. योगायोगाहून जास्त त्यात काही शोधत नाही.

आणि लांब थाप पडते कुठं? 'तू'वर. एका ओळीत दोनदा. आपण ज्याला विश्वव्यापक म्हणतो त्याला एकेरीत हाक मारायची आणि प्रत्येक हाकेला थाप द्यायची. व्यापकपणाची सगळी भीती त्या थापेत जाते.

धृपदात एक शब्द आहे, 'रंगभूमि'. जग ही तुझी रंगभूमी, म्हणजे जगभर दिसणारे वेश हे सोंगाचे वेश. 'देश'ला 'भेष' जोडण्यात यमकाची सोय आहे हे खरं, पण ती जोडी लागल्यावर देशही वेशासारखा वाटू लागतो, अंगावर चढवलेला, उतरवता येणारा. ज्यानं दंडारीचं लोकनाट्य पाहिलं आहे त्याला हे समजावून द्यावं लागत नाही. रात्री राणी झालेला गडी सकाळी वखरावर असतो, आणि कुणी त्याला खोटारडा म्हणत नाही. वेश खोटा ठरवायचा नाही, त्यातला माणूस ओळखायचा. मायावादाचा कोरडेपणा या ओळीला शिवलेला नाही. 'खेल' आणि 'मेल' हे दोन शब्द शेजारी ठेवून ती जगाला मोडीत न काढता खेळात घेते.

दुसरं कडवं पाण्याचं. समुद्रातून तो ढग होऊन उठतो, ढगातून फुटून पाणी होतो, मग नहर, मग खोल नद्या. या कडव्यावर माझा एक जुना आक्षेप होता. नहर म्हणजे कालवा. नदी आधी, कालवा नंतर. इथं उलटं का? यमक-अनुप्रासासाठी क्रम बिघडवला, असं मी एकदा कुठंतरी बोललोही होतो. चहा पिता पिता हा आक्षेप बाबांपुढं ठेवला. ते माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं पाहत राहिले.

"वावरातलं पानी कसं जाते जी? वावरातून नालीत, नालीतून नाल्यात, नाल्यातून नदीत. मंग? आधी नालीच राह्यते ना."

कोशातला कालवा माझ्या डोक्यात होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर काळ्या मातीतली नाली. भजन ज्यांच्यासाठी रचलं गेलं ते त्याला कसं ऐकतात, हे कोशात सापडत नाही. मी आक्षेप मागं घेतला.

हे बाबा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले होते. त्यांच्या गावच्या विहिरीचं पाणी खारट. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब, आणि गावातल्या बहुतेकांनी तो पाहिलेलाही नसेल. तरी वऱ्हाडात सगळं आयुष्य जूनमध्ये तिकडून येणाऱ्या ढगावर टांगलेलं असतं. मुंबईच्या माणसाला समुद्र म्हणजे संध्याकाळ. इथल्याला समुद्र म्हणजे पेरणी. भजन सुरू होतं ते समुद्रापासून, पण समुद्राचं वर्णन करत नाही, त्याला लगेच ढग करून टाकतं. इथल्या श्रोत्याला समुद्र तेवढाच भेटतो.

या कडव्यामागं जुनं पाणी वाहतं आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, एकेक दृष्टांत देत नेतो. त्यात नद्यांचा आहे: समुद्रातून निघून समुद्रात मिळालेल्या नद्यांना आपण अमुक नदी होतो हे उरत नाही. पुढं वडाच्या फळाचा आहे: फोडलेल्या बारीक बीत काही दिसत नाही, आणि त्या न दिसण्यातूनच एवढा मोठा वृक्ष उभा राहतो. तुकडोजींच्या दुसऱ्या कडव्यात पाणी आहे, तिसऱ्यात अणू आणि विशाल वृक्ष. क्रमही तोच. महाराजांनी छांदोग्य उघडून हे लिहिलं, असं म्हणायचं कारण नाही. कीर्तनाच्या, भजनाच्या तोंडून ते त्यांच्या कानी आलं असणार, जसं ते वऱ्हाडातल्या कुठल्याही म्हातारीच्या कानी येतं.

फरक मात्र पाहण्यासारखा आहे. उद्दालकाचा दृष्टांत नद्यांना समुद्रात नेऊन त्यांचं नाव पुसतो. तुकडोजी समुद्रातून निघतात आणि नदीपाशी थांबतात; पाणी परत समुद्राला मिळत नाही. खोल, भरलेल्या, वेगवेगळ्या नद्या तशाच वाहत्या ठेवून ते म्हणतात, प्रकार वेगळे, तू एकच. एकपणासाठी कुणाला विरघळायला लावलेलं नाही. साऱ्या भजनात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही थांबण्याची जागा. 'सगळे धर्म एकच' असं म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात पुष्कळदा पुढचा न बोललेला भाग असतो, की तो एक म्हणजे आमचा. तसं म्हणणाऱ्यांना नद्या समुद्रात पोचवायची घाई असते. या भजनात ती घाई नाही.

याच उपनिषदांचा दुसरा प्रवास जगाला जास्त माहीत आहे. दारा शुकोहनं 1657 साली काशीच्या पंडितांना बसवून पन्नासएक उपनिषदं फारसीत आणली, छांदोग्य त्यात होतं. त्या फारसीवरून आंकेतील द्युपेराँ या फ्रेंच माणसानं लॅटिन केलं, ते 1801-02 मध्ये छापलं गेलं आणि शोपेनहाउएरच्या टेबलावर जाऊन पडलं. तिथून जर्मन तत्त्वज्ञान; शिवाय अमेरिकेत इमर्सन आणि थोरो यांची पिढी, 1893 साली शिकागोत विवेकानंदांनी गाजवलेली सभा. भारतीय अध्यात्माचा जगावर प्रभाव हा विषय निघाला की व्याख्याते याच वाटेनं जातात. वाट खरी आहे, थोरही आहे. फक्त त्या वाटेवर भाषांतरांमागून भाषांतरं आहेत आणि प्रत्येक मुक्कामावर एक विद्वान आहे. त्याच पाण्याची दुसरी नाली यावलीकडं आली. तिथं भाषांतरकार नव्हता, खंजिरी होती.

आणि ती खंजिरीही परदेशी गेली. 1955 साली जपानात विश्वधर्म आणि विश्वशांती परिषद भरली, तिला तुकडोजी महाराज गेले. इंग्रजीचा आधार नसलेला, वऱ्हाडी वळणाची हिंदी बोलणारा माणूस. मला त्या वर्षाची मौज वाटते ती दुसऱ्या कारणानं: त्यांची 'ग्रामगीता' आली तीही 1955 सालीच. एकेचाळीस अध्यायांच्या या ओवीबद्ध ग्रंथात ग्रामशुद्धी आहे, ग्रामआरोग्य आहे, गोवंशसुधार आहे, लग्नातला खर्च आहे, आणि अठ्ठाविसाव्या अध्यायाचं नाव आहे 'प्रार्थना आणि विश्वधर्म'. म्हणजे विश्वधर्म येतो तो सत्तावीस अध्याय गाव झाडून झाल्यावर. पहिल्या अध्यायात चंद्रभागेच्या काठी ध्यानाला बसलेल्या कवीची वृत्ती विश्वाएवढी होते, आणि ती विश्वाएवढी वृत्ती घेऊन तो सरळ गावात शिरतो. जपानहून परतलेला माणूस आपल्याकडं बहुधा जपानच सांगत बसतो.

तिसरं कडवं. मुंगी, मुंगीहूनही बारीक अणू-परमाणू, मग सगळा जीव, मग पर्वत आणि वृक्ष. दृष्टी आधी खाली जाते, दिसेनासं होईपर्यंत, आणि मग एकदम मान वर करून पाहावं लागतं. 'परमाणु' हा कणादाच्या परंपरेतला जुना शब्द. हिरोशिमानंतर त्याला वेगळाच वास चिकटला. हे कडवं गाताना, आणि महाराज जपानला गेले होते हे आठवताना, मला तो येतो. भजनात तो नाही. तिथं परमाणू फुटत नाही, तो फक्त लहान आहे, मुंगीच्या पुढचा लहान. सबंध भजनात फुटतो तो एकटा ढग, आणि त्याच्या फुटण्याची तर वऱ्हाड वाट पाहत असतं.

या कडव्याची शेवटची ओळ मला उणी वाटते. मुंगी दाखवली, पर्वत दाखवला, तिथं कवीनं 'सौंदर्य' असा मोघम शब्द टाकून काम उरकलं आहे. चांगल्या भजनातही एखादी ओळ ओझं वाहणारी असते. गाताना ती खपते, कारण पुढं परत धृपद येणार असतं.

शेवटच्या कडव्यात गुरूची दया येते. रूढीप्रमाणं ती यायचीच. आणि मग मुद्रिका, कवीची सही: 'तुकड्या'. हे नाव त्यांना गुरू आडकोजी महाराजांनी दिलं. तुकडा म्हणजे भजन म्हणून मिळणारा भाकरीचा तुकडा, असं सांगतात. वारकरी कवितेत सही इतकी सवयीची झाली आहे की आपण तिच्यावरून पुढं जातो, तारखेवरून जावं तसं. इथं थांबावं. साऱ्या विश्वात नावं अनेक असलेल्याचं एकही नाव न घेणाऱ्या भजनात एकच व्यक्तिनाम येतं, आणि त्याचा अर्थ आहे तुकडा. लगेच पुढं तो तुकडा म्हणतो की मला दुसरं कुणी दिसलंच नाही, मी, तू आणि सगळं एक. अखंडाची साक्ष द्यायला उभा कोण, तर तुकडा. इतकी नेमकी जुळणी सहीच्या ओळीत मला दुसरीकडं क्वचितच भेटली आहे. आणि त्या ओळीत 'मैं'ला 'तू' जोडणारा शब्द पाहा: 'अरु'. खडी बोलीचं 'और' त्याच ओळीत 'दुसरा' या अर्थानं येऊन गेलं आहे. एकाच शब्दानं 'दुसरा' आणि 'आणि' ही दोन्ही कामं केली असती. कवीनं दुसऱ्यासाठी 'और' ठेवला आणि जोडण्यासाठी कबीर-सूरदासांच्या घरचा जुना 'अरु' काढला. जाणून की कानाला गोड लागलं म्हणून, कोण सांगणार. कानावर भरवसा असलेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न तसा गैरलागू आहे.

धृपदात देश, वेश, रंगभूमी, सगळं बाहेरचं होतं, 'तू'च 'तू' होता. 'मैं' अगदी शेवटच्या ओळीत येतो. पाणी, मुंगी, डोंगर, गुरू असं सगळं होऊन गेल्यावर मी उगवतो, तोही तुकड्याच्या तोंडून. 'आमचं' हा शब्द तर नाहीच. आमची संस्कृती, आमचा ठेवा, आम्ही जगाला दिलं, या सुरातली भाषणं हल्ली बडनेऱ्याच्या चौकातही होतात, आणि कार्यक्रमाची सुरुवात पुष्कळदा याच भजनानं होते. भजन संपतं, माइक हातात येतो आणि पहिलाच शब्द निघतो, 'आपण'.

मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात सामुदायिक प्रार्थनेला बसलं की समोर देवाची मूर्ती नसते. अधिष्ठान असतं, एक आसन. महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी गेले, दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. दर पुण्यतिथीला त्याच मिनिटाला तिथं जमलेला सगळा समुदाय जिथल्या तिथं उभा राहून मौन पाळतो. ज्यानं आयुष्यभर खंजिरी वाजवली त्याला श्रद्धांजली शांततेची. तिथं गेलेले लोक परतल्यावर भाषणं विसरतात, ते मिनिट सांगतात.

बाबांची मंडळी त्या मिनिटासाठीच निघाली होती. काळीपिवळी मिळाली, भाव ठरला, माणसं आत दाटीवाटीनं बसली. बाबांनी शेकलेली खंजिरी आधी पंच्यात आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली, कारण पुन्हा भुरभूर सुरू झाली होती. पोरगा कपबश्या गोळा करत अजून तेच गुणगुणत होता. समुद्र, ढग, नदी, मुंगी, डोंगर. मग परत धृपद. गाडीच्या दारात एक पाय ठेवून बाबा थांबले.

"आखरीचं कडवं राह्यलं ना बाप्पा."

"आखरीचं कोनतं?" पोरगा म्हणाला. "शाळंत तीनच म्हनतो आमी."

"तुकड्याचं."

"कोनाचं?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बाबांनी आत बसता बसता पिशवीवरूनच दोन टिचक्या आणि एक थाप मारून दाखवली.